घरच्या घरी कूलंट बदलणे: फ्लशिंग, मिश्रणाचं गणित आणि अडकलेली हवा

नटबोल्ट
गाडी १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचे, रेडिएटरही ॲल्युमिनियमचाच, त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या. मॅन्युअलप्रमाणे रिझर्व्ह बाटली सोडून सिस्टिमची क्षमता ४.६ लिटर. हिरवं कूलंट आता तपकिरी झालंय आणि झाकणाखाली गंजाचा थर दिसतोय. ड्रेन कॉक पूर्ण उघडला तरी २.४ लिटरच बाहेर येतं.

तीन प्रश्न आहेत. पाण्याने फ्लश केल्यावर रेडी-टू-यूज कूलंट ओतलं तर काही बिघडतं का? गंज काढायला काय वापरावं? आणि भरल्यावर हवा पूर्ण निघाली हे ओळखायचं कसं?

पाना-पक्कड
पहिल्या प्रश्नातच निम्मा धागा आहे. घरी काम करणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं, आणि बऱ्याच गॅरेजमध्येही.

२.४ लिटर निघालं म्हणजे २.२ लिटर ब्लॉक, हेड आणि हीटर कोअरमध्ये (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) बसून आहे. फ्लश पाण्याने केलं असेल तर ते २.२ लिटर निव्वळ पाणी. रेडी-टू-यूजमध्ये, म्हणजे प्रीमिक्समध्ये, बहुधा निम्मं पाणी आधीच घातलेलं असतं. २.४ लिटर ओतलंत तर ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मूळ द्रव, गेलं १.२ लिटर. ४.६ मध्ये १.२ म्हणजे जेमतेम २६ टक्के. ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायनंही तितकीच पातळ झाली. बाटली पूर्ण पैशांची, संरक्षण अर्धं.

म्हणून पाण्याने फ्लश करणार असाल तर कॉन्सन्ट्रेटच, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या. एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे २.३ लिटर, ते आधी ओतायचं. उरलेल्या जागेत डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी), तुमच्या बाबतीत फक्त १०० मिली. इंजिन फिरलं की सगळं आपोआप मिसळतं. निघालेलं पाणी मोजल्याशिवाय यातलं काहीच जमत नाही, तेव्हा मापाचा डबा जवळ असू द्या.

प्रीमिक्सच वापरायचं असेल तर पाण्याचा फ्लश करू नका. काढा, प्रीमिक्स भरा, गरम करा, गार झाल्यावर पुन्हा काढा. पहिल्या वेळी ५२ टक्के माल बदलतो, दुसऱ्या वेळी ७७, तिसऱ्या वेळी ८९. पण त्यात ७ लिटरच्या वर प्रीमिक्स जातं, आणि तुमच्यासारखा गंज असेल तर ती पद्धत कामाचीच नाही.

आता कृती. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. झाकण काढताना होज हाताने दाबून बघा, कडक लागला तर आत प्रेशर आहे, थांबा. इग्निशन ऑन करून हीटरचा नॉब पूर्ण गरमवर न्या. काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर व्हॉल्व्ह असतो, तो बंद राहिला तर हीटर कोअरमधलं जुनं पाणी हलतच नाही. मग इग्निशन बंद. काही गाड्यांचा फॅन चावी काढल्यावरही फिरतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह सोडलेली बरी.

खाली घमेलं ठेवून ड्रेन कॉक उघडा. झाकण आधी काढलं नसेल तर धार लागत नाही, नुसतं ठिबकतं. रिझर्व्ह बाटली वेगळी काढून धुवा. तळाचा गाळ तसाच ठेवला तर गाडी गार होताना तोच परत रेडिएटरमध्ये ओढला जातो. मग कॉक बंद, साधं स्वच्छ पाणी भरा, फॅन लागेपर्यंत चालवा, पूर्ण गार होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. शेवटची फेरी डीएम वॉटरची, म्हणजे आत राहणारे २.२ लिटर क्षारांचे नसतील.

कॉक प्लास्टिकचा असतो. परत लावताना फक्त बोटाने आवळा. पाना लावला की चुडी जाते आणि अख्खी खालची टाकी बदलावी लागते. ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी टाका.

खटारा
वाखुसा (वाचनखूण साठवली). एक भर घालतो. बऱ्याच इंजिनांना ब्लॉकवर वेगळा ड्रेन प्लग असतो, एक्झॉस्टच्या बाजूला किंवा स्टार्टरजवळ. तो सुटला तर बहुतेक सगळं पाणी निघतं आणि वरचं गणित सोपं होतं. पण वर्षानुवर्षं न उघडलेला प्लग ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये जाम बसलेला असतो. सहज सुटत नसेल तर सोडून द्या. एका प्लगपायी ब्लॉकची चुडी घालवू नका.

दुसरं, ब्लॉक ॲल्युमिनियमचा असला तरी लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) बिडाचे असतात, वॉटर पंपाचा शाफ्ट आणि मागचे पाईप लोखंडाचे. गंज तिथून येतो. तपकिरी गढूळ पाणी म्हणजे गंजरोधक केव्हाच संपलंय.

गोदाकाठ
पाण्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. बोअरचं पाणी फ्लशलाही नको. आपल्याकडे बोअरमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. गरम हेडला लागलं की त्याचा पापुद्रा बसतो, आणि तो बसतो सगळ्यात तापलेल्या जागी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास. फॉस्फेटवाल्या कूलंटमध्ये कठीण पाणी गेलं तर फॉस्फेट आणि कॅल्शियमचा गाळ होऊन रेडिएटरच्या नळ्यांत साचतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डीएम किंवा डिस्टिल्ड वॉटर आणा, ५ लिटरचा कॅन मिळतो. लेबल नीट वाचा. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं, आणि कॅन दिसायला सारखेच. आरओचं पाणी अडीनडीला चालेल, त्यातले क्षार कमी असतात, शून्य नसतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी फुकट मिळतं म्हणून वापरतात, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊन आलेली असते. ते झाडांना घाला.

नटबोल्ट
धन्यवाद. कॉन्सन्ट्रेटचं पटलं. मग गंजासाठी? एका दुकानदाराने टॉयलेट क्लीनर सुचवलं.

पाना-पक्कड
अजिबात नको! टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरची नळी कागदासारखी पातळ असते, तिला ते भोकं पाडतं. क्लोराइड आत उरलं तर पुढेही पोखरत राहतं.

खटारा
सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व. लिटरला २० ते ३० ग्रॅम, आधी गरम पाण्यात विरघळवून मग ओतायचं. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडल्यापासून २० ते ३० मिनिटं इंजिन चालवा, हाताला सोसेल इतपत गार झालं की लगेच काढा. रात्रभर आत ठेवणं बरोबर नाही, ॲल्युमिनियमलाही ते खातं. नंतर पाण्याच्या निदान तीन फेऱ्या. निघणारं पाणी आणि तुमचं कोरं पाणी दोन्हींना पीएच पट्टी लावा, रंग सारखा आला की थांबा. ॲसिड आत उरलं तर नव्या कूलंटमधला ॲसिड मारणाऱ्या अल्कलीचा साठा ते पहिल्याच दिवशी खाऊन टाकतं.

थंडोबा
माझं मत जरा वेगळं. झाकणाखाली गंजाचा पातळ थर असेल आणि गाडी तापत नसेल तर ॲसिडच्या वाटेला जाऊच नये. जुन्या गाडीत कित्येकदा गंजाचा खपलाच बारीक भोक बुजवून बसलेला असतो. आधी नुसत्या पाण्याच्या दोन-तीन फेऱ्या करा. पाणी स्वच्छ आलं तर विषय संपला. ॲसिड तेव्हाच, जेव्हा रेडिएटरवर हात फिरवल्यावर मधले पट्टे थंड लागतात, म्हणजे नळ्या बुजल्यात. तेही रेडिएटर थोडाच बुजला असेल तर. निम्मा गेला असेल तर नवा टाका. जुन्या पितळी रेडिएटरच्या टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता यायचं, प्लास्टिकच्या टाक्या दुमडून बसवलेल्या असतात, त्या उघडून नीट बसवणारे कारागीर थोडे.

हीटर कोअरला प्रेशर वॉशर लावू नका. नळाचा साधा पाईप, उलट्या दिशेने, हलकी धार. आणि बाहेरची बाजूही धुवा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत कीटक, धूळ, कापसाचे तंतू यांची गादी तयार होते. इंजिनाच्या बाजूने पुढे अशी धार मारायची, पुढून मारली तर घाण आणखी आत बसते. आतून कितीही धुतलं आणि ही गादी तशीच राहिली तर कसाऱ्याच्या घाटात एसी लावून गाडी तापणारच.

खटारा
थंडोबांशी सहमत, सायट्रिक ऐच्छिकच आहे.

उणे_तीस
कॅनडातून लिहितो आहे, त्यामुळे गोठण्याबद्दल दोन शब्द. एथिलीन ग्लायकॉल ५० टक्के असेल तर मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, ४० टक्क्यांना उणे २४ च्या आसपास, ३३ टक्क्यांना उणे १७-१८. पाना-पक्कड म्हणतात ते २६ टक्के म्हणजे उणे १२-१३. पुण्या-नाशकात त्याने काही फुटणार नाही. पण ती गाडी हिवाळ्यात लेहला नेली तर एका रात्रीत ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

जास्त घातलं की जास्त चांगलं असंही नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं आणि पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. ६० टक्क्यांच्या वर जाण्यात काही हशील नाही.

ग्लायकॉलचं प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून आकडा दाखवणारं उपकरण) घ्या. गोळ्यांचं हायड्रोमीटर स्वस्त आहे, पण तापमानाने आकडा हलतो. रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब पुरतात. आधी डीएम वॉटरवर शून्य जुळवा, आणि एथिलीन ग्लायकॉलचीच पट्टी वाचा. शेजारी प्रॉपिलीनची आणि बॅटरीची पट्टी असते, घाईत भलतीच वाचली जाते.

गोदाकाठ
आपल्याकडे गोठण्याची भीती नाही म्हणून लोक नुसतं पाणी घालतात. त्यांच्यासाठी उकळण्याचे आकडे. झाकणावर १.१ लिहिलेलं असेल तर ते १.१ बार जास्तीचं प्रेशर धरतं, त्या दाबाखाली साधं पाणी १२१ च्या आसपास उकळतं आणि ५० टक्के मिश्रण १२९ च्या आसपास. म्हणजे उकळण्यापासून वाचवण्यात मोठा वाटा झाकणाचा, ग्लायकॉलचा सात-आठ अंशांचाच. कूलंट घालायचं ते मुख्यतः गंज आणि वॉटर पंपाच्या सीलसाठी.

आणि झाकण मात्र कोणी बदलत नाही! त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा प्रेशरचा, मधला छोटा व्हॅक्यूमचा. रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही, कूलंट रिझर्व्हमध्ये ढकललं जातं आणि बाटली ओसंडते. छोटा व्हॉल्व्ह चिकटला तर गाडी गार होताना वरचा होज चपटा होतो. नवं झाकण घेताना जुन्यावरचाच आकडा बघा. ०.९ च्या जागी १.१ लावलं तर जुना होज किंवा रेडिएटरच्या टाकीचा सांधा फुटू शकतो.

नटबोल्ट
रंगाचं काय? आधी हिरवं होतं, दुकानात गुलाबी, लाल, निळं सगळं आहे.

थंडोबा
रंग कंपनी ठरवते, त्याला प्रमाण काही नाही. दोन हिरव्या बाटल्यांत दोन वेगळी रसायनं असू शकतात. जुनं पारंपरिक कूलंट सिलिकेट-फॉस्फेटचं, साधारण दोन वर्षं टिकणारं. ओएटी, म्हणजे सेंद्रिय आम्लांचं, पाच वर्षांच्या आसपास. जपानी-कोरियन गाड्यांना बहुधा फॉस्फेटवालं, सिलिकेट नसलेलं ओएटी लागतं, युरोपियन गाड्यांत फॉस्फेट टाळतात. बाटलीवर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ असं काही मानक छापलंय का ते बघा, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकाराशी जुळवा. दोन प्रकार मिसळले म्हणून लगेच दही होत नाही, पण टिकाऊपणा कमी टिकणाऱ्याइतकाच उरतो, आणि काही जोड्यांत गाळ धरतो.

कॉन्सन्ट्रेटच्या बाटलीवर १:१, १:२, १:३ असं काहीही असतं. १:३ म्हणजे २५ टक्के. आपल्या हवेला ३३ टक्क्यांच्या खाली जाऊ नये, घाटात आणि भर उन्हाळ्यात गाडी चालते त्यांनी ४० ते ५० ठेवावं.

पाना-पक्कड
आता हवा. गाडीचं नाक वर करा, चढावर किंवा रॅम्पवर, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. कॉन्सन्ट्रेट सावकाश ओता. घाईने ओतलं की हवा खाली अडकते आणि सिस्टिम भरली असं खोटंच वाटतं. वरचा होज अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील. ब्लीडर स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो उघडा ठेवून भरा, सलग धार लागली की बंद.

थर्मोस्टॅट बंद असताना त्याच्यामागे हवा अडकते. म्हणून त्याच्या कडेला छोटा लोंबता पिन असतो, जिगल व्हॉल्व्ह. नवा थर्मोस्टॅट बसवताना तो पिन वरच्या बाजूला आलाच पाहिजे. खाली बसवला तर कितीही वेळ हवा काढत बसा.

मग झाकण उघडं ठेवून, हीटर फुल गरम, ब्लोअर हळू, इंजिन आयडलवर. वरचा होज आधी कोमट असतो आणि ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडला की एकदम कडक गरम होतो. त्याच क्षणी पातळी खाली जाते. भरत राहा. २००० ते २५०० आरपीएमवर थोडा वेळ धरा. फॅन दोनदा लागून बंद झाला आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. गार झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर काठोकाठ आणि रिझर्व्ह बाटली लो आणि फुलच्या मध्ये.

ज्यांच्या गाडीत रेडिएटरला झाकणच नाही, प्रेशरवाली एक्स्पान्शन टाकी आहे, त्यांनी काठोकाठ भरू नये. गार असताना मॅक्सच्या रेघेपर्यंतच. वरची मोकळी जागा प्रसरणासाठी असते.

खटारा
हवा राहिल्याच्या खुणा: डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज, आयडलवर हीटरमधून थंड हवा आणि रेस दिली की गरम, काटा अचानक वर जाऊन परत खाली. नव्या बऱ्याच छोट्या गाड्यांना काटाच नाही, निळा-लाल दिवा आहे. लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पहिल्या एक-दोन फेऱ्यांना ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं उपकरण) लावून तापमानाचा आकडा बघत चालवा. सपाट रस्त्यावर ८५ ते ९८ च्या मध्ये फिरत असेल तर ठीक.

बुडबुडे थांबतच नसतील, रेसबरोबर वाढत असतील, तर ती अडकलेली हवा नाही, सिलिंडरमधला कम्प्रेशनचा वायू आहे. म्हणजे ब्लॉक आणि हेडमधलं हेड गॅस्केट गेलंय. ब्लॉक टेस्टरमधलं निळं द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरून पिवळं झालं की खात्री. मग घरचं काम थांबवा.

नटबोल्ट
एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढूनच टाका म्हणून सांगितलं, गाडी कधीच तापणार नाही म्हणे.

पाना-पक्कड
फ्लश करताना काढा, हरकत नाही, उलट पाणी मोकळं फिरतं. कूलंट भरायच्या आधी परत बसवा, नव्या गॅस्केटसकट. कायमचा काढला तर इंजिन तापायलाच तयार नसतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) गार इंजिन समजून पेट्रोल जास्त देत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, आणि स्कॅनरला पी०१२८ हा दोषाचा कोड दिसतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

संशय असेल तर तपासा. पातेल्यात पाणी, थर्मामीटर, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवलेला, तळाला टेकता कामा नये. त्यावर कोरलेल्या तापमानाला उघडायला लागला पाहिजे आणि उकळीच्या आधी पुरता उघडला पाहिजे. ते पातेलं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

गोदाकाठ
आणि गळतीला हळद घालायचा जुना उपाय आजही सांगतात. हळद भोक बुजवते हे खरं, पण हीटर कोअरच्या नळ्याही बुजवते. रस्त्यात अडकलात तर गावापर्यंत पोचायला ठीक, नंतर हा सगळा धागा पुन्हा पहिल्यापासून करायचा.

डिझेलवाला
डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. ट्रक-ट्रॅक्टरच्या वेट लायनर इंजिनांत (ज्यांत लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं) पाण्याचे बारीक बुडबुडे फुटून लायनरला बाहेरून खड्डे पडतात. त्यांना एएसटीएम डी ६२१० चं हेवी ड्यूटी कूलंट लागतं, कारचं नाही. आणि कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही असं झालं तर ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्टचा धूर गार करणारा भाग) तपासा.

ईव्ही आणि हायब्रिडमध्ये बॅटरी, इन्व्हर्टरचं लूप वेगळं असतं, काहींना कमी विद्युतवाहक कूलंट लागतं आणि हवा काढायला पंप स्कॅनरने चालवावा लागतो. ते काम घरी करू नका.

उणे_तीस
काढलेलं कूलंट कुठे टाकायचं हे कोणीच लिहिलं नाही. गटारात किंवा झाडाखाली नाही. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि मूत्रपिंड निकामी करतं. कुत्री-मांजरं घमेल्यातलं चाटतात, थोडंसंही त्यांना जीवघेणं ठरतं. जमिनीवर सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा. जनावराने प्यायल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या, पहिल्या काही तासांतच उपचाराचा उपयोग होतो. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि जे वर्कशॉप स्वीकारतं तिथे द्या. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही नको, कोणी तरी पाणी समजून पितं.

नटबोल्ट
शेवटचा प्रश्न. समजा कोणी आधीच रेडी-टू-यूज ओतून २६ टक्क्यांवर बसलंय. परत सगळं काढायचं का?

पाना-पक्कड
नाही. गार इंजिनावर १.५ लिटर काढा आणि तेवढंच कॉन्सन्ट्रेट ओता. १.२ पैकी साधारण ०.८ लिटर ग्लायकॉल आत उरतं, त्यात १.५ मिळालं की २.३. एक मोठी फेरी मारून आणा आणि मग रिफ्रॅक्टोमीटर लावा. रिझर्व्ह बाटलीतलं मात्र वेगळं काढून ५० टक्क्यांचं भरा, आणि नमुना बाटलीतून न घेता रेडिएटरच्या तोंडातून घ्या. बाटलीतलं पाणी लवकर मिसळत नाही, तिथला आकडा फसवतो.